भोवरा उलटलाच नव्हता

९ फेब्रुवारी

मावशी,

आधी पाया पडते, मग बढाई मारते. निबंध छापून आला! पहिलं नाव माझं. मोठे सर म्हणाले, आपल्या प्रयोगशाळेतून आजवर असं काही बाहेर पडलं नव्हतं. आणि मोठे सर म्हणजे कसे, तर पाऊस पडला तरी 'बघू, थांबेल' म्हणणारे.

मागच्या पत्रात तू दम दिला होतास, 'नुसतं संशोधन संशोधन करू नकोस, दिवसभर काय करतेस ते शिवणाच्या बाईला कळेल असं लिही.' तर लिहिते. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे; बोलताना मी उड्या मारते, लिहिताना मारता येत नाहीत.

आमच्याकडे खिळ्याच्या डोक्याएवढा एक चकचकीत तुकडा असतो. एका डब्यात तो इतका गार ठेवतो की त्याच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. त्यावर लेसरचा झोत सोडला की प्रकाश आत अडकतो आणि तुकड्यातल्या पदार्थात असा मिसळतो की दोघांना वेगळं काढता येत नाही. अर्धा प्रकाश, अर्धा पदार्थ. आणि गंमत म्हणजे हे मिश्रण पाण्यासारखं वाहतं. वाहतं म्हणजे त्याला भोवरेही पडतात. मोरीतून पाणी जाताना पडतो तसा भोवरा, पण केसाच्या जाडीहूनही लहान, मध्ये काळं भोक. तो एक तर डावा फिरतो नाहीतर उजवा. मधलं काही नाही.

प्रकाशालाही स्वतःची गिरकी असते, डावी किंवा उजवी. मी दाखवलं ते एवढंच, की वरून सोडलेल्या झोताची गिरकी बदलली की खालचा भोवरा उलट फिरायला लागतो. म्हणजे भोवरा माणसाच्या ताब्यात आला! हे भोवरे डोळ्यांनी थेट दिसत नाहीत. तुकड्यातून बाहेर पडलेला प्रकाश टेबलावर या आरशावरून त्या आरशावर वळवत कॅमेऱ्यापर्यंत नेतो. तिथे पट्ट्यापट्ट्यांचं चित्र उमटतं, आणि भोवरा असेल तिथे एका पट्टीला फाटा फुटतो. फाटा वर तोंड करून असेल तर भोवरा डावा, खाली तोंड करून असेल तर उजवा.

आमच्यात एक आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सगळे तिला मोजपट्टी म्हणतात, चहातली साखरही ती तीनदा मोजेल. तिने शेजारच्या टेबलावर वेगळं मोजून पाहिलं, तर म्हणे भोवरा उलटतच नाही. मध्ये एका गुरुवारच्या बैठकीत हे ती चौदा जणांसमोर बोलली. मी म्हणाले, 'तुझ्या टेबलावर काय काय दिसत नाही याची यादी करायची तर वही पुरायची नाही.' सगळे हसले. तीही जराशी हसली. बरं वाटलं गं मावशी, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

तुझी
खडू


२० फेब्रुवारी

खडू,

शंभर वर्षं जग. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं म्हणून नीट दिसलं नाही, दुसऱ्यांदा समजलं नाही, तिसऱ्यांदा निम्मं समजलं. निम्मं म्हणजे पुष्कळ झालं. माझे मार्किंगचे खडू खाऊन वाढलेली पोर प्रकाशाला भोवरे पाडते, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले. कारखान्यात बटणवालीला सांगितलं, प्रेसवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, 'भोवरे पाडून काय करायचं?' मी म्हटलं, 'तू वाफ पाडून काय करतोस?' त्याने इस्त्री पुन्हा कापडावर टेकवली.

एक विचारते, हसू नकोस. माझ्या डोक्यात आपलं कापडच येतं. मी चाळीस वर्षं डावं-उजवं करत आले. कापड दुहेरी अंथरून बाही कापली की एक डावी निघते, एक उजवी. एकेरी थरावर त्याच कागदाने दोन कापल्या की दोन्ही डाव्याच. नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात हे करतेच. आणि ट्रायलच्या खोलीत गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, 'उजवा खांदा उतरलाय', तेव्हा उतरलेला असतो डावा. पाठ दाखवायला मागे दुसरा आरसा धरला की मग पुन्हा सरळ होतं. एक आरसा उलटं करतो, दुसरा सुलटं करतो.

तर तुमच्या त्या टेबलावर आरसे किती असतात गं? डाव्या झोताला आणि उजव्या झोताला सारखेच असतात ना? तुम्ही मोठी शिकलेली माणसं, असणारच. पण मला आपलं वाटलं, विचारावं.

आणि त्या मोजपट्टीला घालूनपाडून बोललीस ते काही मला रुचलं नाही. तीनदा मोजणाऱ्या बाईला कटिंगच्या टेबलावरून कधी हलवू नये.

तुझी
मावशी


१४ मार्च

मावशी,

पत्र मिळालं. फार घाई आहे, एवढंच लिहिते. या कामासाठी मला जूनमध्ये सन्मान द्यायचं ठरलंय. मोठं सभागृह, भाषणं, हार-तुरे, तसलं सगळं. तू दगदग करून येऊ नकोस. प्रवास लांबचा, गर्दी असेल, आणि तुला काही ऐकूही यायचं नाही. फोटो पाठवीन.

तब्येतीला जप.

खडू


२ एप्रिल

खडू,

जप जप म्हणतेस, पण तुझं पत्र पाहून मलाच चैन पडेना. नेहमी चार पानं लिहिणारी पोर चार ओळी लिहिते. मग मी माझं मागचं पत्र आठवून पाहिलं, आणि लक्षात आलं. मी तो आरशांचा प्रश्न विचारला. तू एवढं डोकं लावून काम केलंस, आणि मी बाह्या नि खांदे घेऊन मध्ये लुडबुडले. सरांना दाखवलंस की काय माझं पत्र? दाखवलं असशील तर सांग, मावशीचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय.

मला कुठे थांबावं ते कळत नाही. राग धरू नकोस. पुन्हा नाही विचारणार.

जूनला नाही येत. ऐकू येत नाही हे खरंच आहे.

मावशी


२५ एप्रिल

मावशी,

राग कसला? कामाची गडबड, दुसरं काही नाही. तुझा प्रश्न तसा चांगला होता. पण आमच्याकडे अशा गोष्टींची काळजी आधीच घेतलेली असते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

इथे सगळं ठीक आहे.

खडू


३० ऑगस्ट

मावशी,

चार महिन्यांनी लिहिते आहे. काही बोलू नकोस, मला माहीत आहे.

आज एक गंमत झाली ती सांगते. मोजपट्टी आठवते? तिच्या नोकरीची मुदत मेमध्ये संपली, वाढवली नाही. आता ती बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. अरुंद दुकान आहे. पुढे फ्रेमा मांडलेल्या, मागे पडदा, पडद्यामागे खुर्ची. मी तिथे गेले. का गेले ते मला माहीत होतं, पण दारातली घंटा वाजली आणि तिने वर पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नंबर काढायचा होता."

तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाली, "बस."

मी बसले. लोखंडी जड फ्रेम तिने माझ्या नाकावर ठेवली. एक डोळा झाकला. "वाच." मी वाचलं. भिंग बदललं. "आता? आधीचं स्पष्ट की हे?" मी म्हणाले, "सारखंच." "नीट बघून सांग. आधीचं की हे?" तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर, मावशी. तिच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. अगदी शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळही मी वाचली. तिने ती पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

शेवटी फ्रेम काढून म्हणाली, "तुला नंबर नाही. डोळे ठणठणीत आहेत. कशाला आलीस?"

मी म्हणाले, "डोकं दुखायचं."

"मग डॉक्टरकडे जा."

बाहेर पडताना उगाच काहीतरी घ्यावं म्हणून मी चष्मा पुसायचं फडकं घेतलं. चष्मा नसलेल्या बाईने. तिने ते कागदात नीट बांधून दिलं.

अशी गंमत. हसू आलं का तुला?

खडू


१२ सप्टेंबर

खडू,

नाही आलं हसू.

आता मी बोलते, तू ऐक. मी जूनमध्ये आले होते. तू नको म्हणालीस तरी आले. निळा ब्लाउज शिवला होता, तो घालून. दारावरच्या माणसाला म्हटलं, 'मी मुलीची मावशी.' त्याने शेवटच्या रांगेत खुर्ची दिली. मला भाषणातलं अक्षर ऐकू आलं नाही. म्हणून सगळा वेळ मी तुझं तोंडच बघत होते. लोक टाळ्या वाजवत होते, तुझ्या हातात ते पितळी काहीतरी देत होते, आणि तुझं तोंड कसलं झालं होतं सांगू? लहानपणी खडू खाऊन, ओठ पुसून, 'मी नाही खाल्ला' म्हणत पुढे यायचीस ना, तसलं. ओठ पुसलेले आणि हनुवटीवर पांढरं.

मग तू सभागृहावरून नजर फिरवलीस. मला वाटलं, मी दिसले. तू मान खाली घातलीस. मी तशीच उठले आणि परतीची गाडी धरली. वाटेत एकच विचार. पोरीला माझी लाज वाटते. मोठ्या लोकांत बसली आहे, कोणी विचारलं ही कोण, तर काय सांगेल, बाह्या कापते म्हणून? आणि वाटणारच. मीच तसला अडाणी प्रश्न विचारून ठेवला होता.

तीन महिने मी हेच धरून बसले होते. पण परवाचं पत्र वाचलं आणि वीण उसवली. माझी लाज वाटणारी बाई चष्म्याच्या दुकानात जाऊन धडधाकट डोळे का तपासून घेते? तिच्यापुढे तुझी जीभ का अडकली?

खडू, एक काय ते खरं लिही. माझी लाज वाटत असेल तर तेही लिही, मी मरत नाही त्याने. पण गंमत म्हणून काही लिहू नकोस.

मावशी


१९ सप्टेंबर

मावशी,

तू मागे बसली होतीस हे वाचून मी पत्र हातातून खाली ठेवलं आणि खिडकी उघडून उभी राहिले. मला तू दिसली नव्हतीस. देवाशपथ. मला त्या दिवशी कोणीच दिसत नव्हतं.

तुझी लाज? मावशी, सबंध संस्थेत एवढे पदवीधर आहेत, बरोबर प्रश्न फक्त तू विचारलास.

सगळं लिहिते.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा मी हसले, हे आधी कबूल करते. मग म्हटलं, मावशीने विचारलंय तर आकडा लिहून पाठवू. एक मार्चला, शनिवारी दुपारी, खोलीत कोणी नव्हतं. बोट ठेवत ठेवत आरसे मोजले. डाव्या गिरकीचा प्रकाश ज्या वाटेने कॅमेऱ्याकडे जातो तिथे चार. उजव्या गिरकीच्या वाटेवर पाच.

पाचवा मीच लावला होता, वर्षभरापूर्वी. एक स्टँड टेबलावर मावत नव्हता, म्हणून प्रकाश थोडा वळवून घेतला. तेव्हाच कॉम्प्युटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, 'उजव्याचं चित्र उलटं करून घेणे.' चिठ्ठी अजून तिथेच होती. चित्र मी कधीच उलटं केलं नव्हतं. आरसे मोजायचे असतात हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. तुझ्याकडे नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात शिकवतात तसं.

तो आरसा काढला आणि पुन्हा मोजलं. फाटा वर. गिरकी बदलली. फाटा वरच. नऊ वेळा मोजलं, नऊही वेळा वर. भोवरा कधी उलटलाच नव्हता. आमच्या तुकड्यात एक बारीकसा दोष आहे, भोवरा त्याला धरून बसतो आणि एकाच बाजूला फिरतो. वरून कसलाही झोत सोडा, त्याला सोयरसुतक नाही. मोजपट्टी म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं.

यानंतर मी काय केलं ते लिहायला हात होत नाही. मी तो पाचवा आरसा होता तिथे परत बसवला. स्क्रू घट्ट केले. चिठ्ठी काढून खिशात घातली आणि घरी गेले.

वाटलं, आठवड्याभरात सांगू. मग वाटलं, आणखी एकदा तपासून सांगू. मग सन्मानाचं पत्र आलं. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. कारण आता नुसती चूक सांगायची नव्हती, लपवलं तेही सांगायचं होतं.

याहून वाईट पुढे आहे. एप्रिलमध्ये सरांनी बोलावलं. "मोजपट्टीची मुदत संपते आहे. ठेवायची का? तिच्या मोजमापावर विसंबता येईल का, तुझं काय मत?" मी म्हणाले, "मेहनती आहे." सर म्हणाले, "मी ते विचारलं नाही." मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ काढला, आणि ते कोणता अर्थ काढणार हे मला ठाऊक होतं. मेच्या शेवटच्या दिवशी तिने टेबल पुसलं, प्रत्येक खणावर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावल्या आणि गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्याची वायर सैल झालीय, बदलून घे."

आणि तुला मी लिहिलं की आमच्याकडे काळजी आधीच घेतलेली असते. तू माफी मागत होतीस, मी ती मागू दिली. त्या पत्राची आठवण आली की मी रस्त्यात चालताना थांबते. लोक मागून येऊन आदळतात.

तू आता माझं काय करायचं ते कर.

खडू


२७ सप्टेंबर

खडू,

मी तुझं काही करायची नाही. तू काय वीतभर आहेस?

मी रागावले आहे. एवढी की दोन दिवस कात्री हातात धरली नाही, कापड वाकडं जाईल म्हणून. चूक झाली त्याचा राग नाही. मीही ताकेच्या ताके वाया घालवले आहेत. पण एका बाईच्या हातचं काम गेलं, आणि तू खुर्चीत बसून मुंगीची अक्षरं वाचून आलीस? तिला तीनदा तपासायला लावलंस?

मला लिहिलंस, जरा मोकळी झालीस, रडूनही घेतलं असशील. त्याने तिला काय मिळालं? मी कोण आहे त्यात? माझी माफी मला पोचली, ती बाजूला ठेव. ती फार लहान आहे.

जिथे बोललीस तिथे जाऊन बोल. चौदा जणांसमोर तिचं हसं केलंस ना, त्या चौदांसमोर सांग. आणि ती तिथे असली पाहिजे. एकटीला कोपऱ्यात गाठून हळूच सांगायचं नाही. उसवायचं तर शिवण जिथून सुरू झाली तिथून उसवावी लागते.

मग मला लिही. त्याआधी नको.

मावशी


११ नोव्हेंबर

मावशी,

आता लिहायची परवानगी आहे.

आधी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते उठले, दार लावलं आणि पहिलं विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"माझ्या मावशीला."

"त्या कोणत्या संस्थेत असतात?"

"कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे ती."

सरांना वाटलं, मी चेष्टा करते आहे. मग मी तुझ्या पत्रातला तो उतारा वाचून दाखवला, बाह्यांचा. ते खाली बसले. म्हणाले, "हे आपल्याला कोणालाच सुचलं नाही?" नंतर त्यांनी एक वाट सुचवली. छोटी दुरुस्ती छापू, 'काही चित्रांत दिशेची गफलत झाली होती' एवढंच. मी म्हणाले, "सर, निबंधात त्या दिशेवाचून दुसरं काही नाही. मागेच घ्यावा लागेल." ते म्हणाले, "तुझं इथलं सगळं जाईल, कळतंय ना?" मी हो म्हणाले. धीराने वगैरे नाही, मावशी. बाहेर पडताना दार दोनदा चुकीच्या बाजूला ढकललं.

मग दुकानात गेले. या वेळी घंटा वाजल्यावर लगेच बोलले, नाहीतर पुन्हा नंबर काढून आले असते. "तुझं बरोबर होतं. भोवरा उलटत नाही. माझ्या एका वाटेवर आरसा जास्त होता."

ती फ्रेमचा स्क्रू पिळत होती. वर न बघता म्हणाली, "माझं बरोबर होतं ते मला माहीत आहे. हे सांगायला आलीस?"

"त्या चौदा जणांना माहीत नाही. गुरुवारी येशील?"

"गुरुवारी दुकान असतं." स्क्रू पिळून झाला. "दुपारी दोन ते तीन बंद असतं."

सहा तारखेला बैठक दोनला ठेवली. ती आली, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात. तिच्या जुन्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसतं, म्हणून दाराजवळच्या स्टुलावर बसली. मी उभी राहिले. फळ्यावर दोन्ही वाटा काढल्या, आरसे मोजून दाखवले, एक ते चार, एक ते पाच. फाट्यांची खरी चित्रं दाखवली, नऊच्या नऊ. मग जानेवारीतल्या बैठकीत मी तिला काय बोलले होते ते शब्दाला शब्द म्हटलं. म्हणाले, तुम्ही हसला होतात ते माझ्यामुळे. एकाने पेनाचं टोपण घातलं, तो आवाज खोलीभर झाला.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात ती स्टुलावरून म्हणाली, "एक प्रश्न. तुला कळलं कधी?"

हे मी सांगितलं नव्हतं. मावशी, तुला कबूल करते, मी ते गाळलं होतं. तयारीच्या कागदावर होतं, फळ्यासमोर उभी राहिल्यावर गाळलं.

"एक मार्चला," मी म्हणाले.

तिने बोटांवर मोजलं. मार्च, एप्रिल, मे. "मी मेमध्ये गेले."

"हो."

"म्हणजे मी खणांवर चिठ्ठ्या लावत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो. आणि सरांनी एप्रिलमध्ये तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हाही मी गप्प राहिले."

सरांनी मान खाली घातली. ती उठली, कोट सारखा केला. आवाज चढला नाही की काही नाही. म्हणाली, "आरसा कोणाचाही चुकतो गं. माझाही चुकलाय. हे आठ महिने मात्र चुकले नाहीत, ते तू रोज उठून केलेस." घड्याळ बघितलं. "तीनला उघडायचंय," म्हणून गेली.

तिने माफ केलं नाही. मी तशी मागितलीही नाही, मागायला तोंड नव्हतं. सर दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन आले, परत ये म्हणाले. ती म्हणाली, विचार करीन. अजून करते आहे. तिच्या जुन्या मोजमापांत खरं असं एक काही आहे. दोन गिरक्यांचे भोवरे अगदी एका जागी बसत नाहीत, दोघांत हलकंसं अंतर राहतं. आम्ही कोणी ते बघितलंच नव्हतं. ते छापायचं तर तिने, तिच्या नावाने. मी त्याला हात लावणार नाही असं सरांना लिहून दिलंय.

निबंध मागे घेतला. सूचनेत कारण लिहावं लागतं, आणि चूक कोणी दाखवली तेही. सर म्हणाले, 'लेखिकेच्या लक्षात आलं' असं लिही. मी लिहिलं, 'सहकारी संशोधिकेच्या मोजमापातून आणि लेखिकेच्या मावशीच्या प्रश्नातून.' छापणाऱ्या मासिकाने कळवलं, असं लिहायची पद्धत नाही. मी लिहिलं, पण घडलं असंच. छापतात का बघू.

ते पितळी काहीतरी परत पाठवलं. माझं टेबल काढून घेतलंय. आता मी दुसऱ्यांच्या टेबलांवरचे आरसे जुळवून देते. चहाला मी गेले की बाकावरची माणसं जरा सरकून जागा करतात. थोडी जास्तच जागा करतात. मी बसते.

खडू


२२ नोव्हेंबर

खडू,

पत्र वाचलं. कळलं कधी ते गाळलंस, ते वाचून कपाळाला हात लावला. पण गाळलंस हे मला लिहिलंस, तेवढं पुढे सरकलीस म्हणायचं.

ती माफ करील न करील, तिच्या दाराशी जाऊन बसू नकोस. तिचं दुकान आहे, काम आहे. तुला हलकं वाटावं म्हणून ती मोकळी नाही.

आता माझं सांगते. फेब्रुवारीत तुझं कौतुक मी गल्लीभर केलं होतं. ते तसंच पडून राहिलं होतं, आणि लोक भेटले की विचारत, 'भोवरेवाली काय म्हणते?' तू चौदा जणांसमोर उभी राहिलीस आणि मी इथे मिरवत बसायचं, हे बरं दिसेना. रविवारी निळा ब्लाउज घातला आणि निघाले. सात घरं. प्रत्येक दारात एकच बोलले, 'आमच्या पोरीचं जे सांगितलं होतं ते खरं निघालं नाही. तिनेच चुकवलं, वर लपवलं, एका बाईचं नुकसान केलं, आणि आता स्वतः कबूल केलं.' दोन घरी लोक बिचारे 'असू दे' म्हणाले. एका घरी सून आत जाऊन हसली. मला ऐकू येत नाही, पण पडदा हलताना दिसतो.

सोमवारी कारखान्यात बटणवाली म्हणाली, 'तुम्ही कशाला सांगत फिरता? कोणाला कळलं असतं?' मी म्हटलं, 'मला कळलं होतं ना.'

सर्वांत शेवटी प्रेसवाला. त्याने सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, 'मग आता काय करते पोरगी?'

मी म्हटलं, 'दिसेल तेच सांगते.'

हे मी तुझ्या भरवशावर, तुला न विचारता बोलून आले आहे. माझं एवढं खोटं पाडू नकोस.

तुझी
मावशी